शॉवरचे पाणी : कधी चटका, कधी गारठा

जऊळका (जि. वाशीम) : चुलीवर तापलेले पाणी घंगाळात ओतायचे आणि हाताने अंदाज घेत त्यात विसण घालायचे, ही वऱ्हाडातील घरोघरची जुनी रीत. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर तापलेले पाणी कितपत निववायचे, हे स्नान करणाऱ्याचा हातच ठरवीत असे. आता न्हाणीघरात गिझर आला, शॉवर आला आणि विसण घालण्याचे काम भिंतीतील मिक्सरकडे गेले. सोय झाली खरी. परंतु पाणी अंगावर घेण्यापूर्वी ते हाताने पाहण्याची सवय मात्र सुटली. मिक्सर बिघडला, गिझर रुसला किंवा टाकीतील दाब कमी झाला, की त्याची वार्ता थेट पाठीवर मिळते.

मालेगाव तालुक्यातील जऊळका (रेल्वे) हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील स्थानकाचे गाव. अशा गावांतून शिक्षण-नोकरीसाठी शहरात गेलेली मुले गावच्या घरी आईवडिलांकरिता हौसेने गिझर बसवून देतात. शहरातील फ्लॅट असो वा गावातील स्लॅबचे घर, तक्रारी मात्र सारख्याच असतात. पाणी तापत नाही, तापले तर टिकत नाही, मध्येच गार येते, मध्येच पोळते. या प्रत्येक तक्रारीमागे ठरावीक कारणे आहेत आणि त्यांपैकी निम्मी तरी कारागीर बोलावण्यापूर्वी घरच्या घरी ओळखता येतात. काही कारणांकडे दुर्लक्ष केल्यास मात्र प्रकरण जिवावर बेतू शकते. म्हणून दोन्ही गोष्टी येथे क्रमाने पाहू.

आधी तीन प्रश्न

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, बिघाड फक्त शॉवरला आहे की घरातील सर्व गरम पाण्याच्या नळांना? न्हाणीघरातील खालच्या नळाला कढत पाणी येते आणि शॉवरला कोमट, असे असेल तर दोष गिझरचा नसून मिक्सरचा किंवा नळजोडणीचा आहे. दुसरा प्रश्न, पाणी सुरुवातीपासूनच गार आहे की काही मिनिटांनी गार होते? सुरुवातीपासून गार असेल तर वीज, थर्मोस्टॅट किंवा एलिमेंट तपासावे. नंतर गार होत असेल तर क्षमता, क्षार आणि प्रवाह पाहावा. तिसरा प्रश्न, बिघाड अचानक उद्‌भवला की हळूहळू वाढत गेला? अचानक उद्‌भवलेला बिघाड बहुधा विजेचा असतो. महिनोन्‌महिने वाढत गेलेला बिघाड बहुधा क्षारांचा असतो.

पाणी तापतच नाही

विजेच्या साठवण गिझरमध्ये पाणी तापविणारे एलिमेंट, तापमान राखणारा थर्मोस्टॅट आणि पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास वीज तोडणारा कट-आउट असे तीन मुख्य भाग असतात. गिझरचा दिवाच लागत नसेल तर प्रथम वीजफलकावरील एमसीबी पडला आहे काय ते पाहावे. तो एकदा वर करून पाहण्यास हरकत नाही. पुन्हा पडला तर मात्र तिसऱ्यांदा प्रयत्न करू नये. एलिमेंटचे आवरण फुटून वीज पाण्यात उतरत असल्याचे ते लक्षण असू शकते.

दिवा लागतो, पण पाणी तापत नाही, अशा वेळी एलिमेंट जळाले असण्याची शक्यता अधिक. दिवाही लागत नाही आणि एमसीबीही ठीक आहे, तर कट-आउट सुटलेला असू शकतो. तो दाबून पूर्ववत करता येतो. परंतु तो का सुटला, याचा शोध कारागिराकडून घ्यायलाच हवा. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट चिकटून बसल्यामुळे पाणी उकळीपर्यंत गेलेले असते आणि कट-आउटने आपले काम चोख बजावलेले असते. अशा वेळी केवळ बटण दाबून पुन्हा गिझर लावणे म्हणजे पहारेकऱ्याला गप्प करून दार उघडे ठेवणे होय.

जोडणीही पाहावी. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर, तर ३ किलोवॉटचा सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो. म्हणून त्याला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर गिझर चालविल्यास पिना तापतात, प्लास्टिक वितळते आणि पाणी कधी तापते, कधी नाही, असा लपंडाव सुरू होतो.

तापायला फार वेळ लागतो

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी साधारण २१ मिनिटे पुरतात. मात्र हा हिशेब २३० व्होल्टचा. व्होल्टेज १८० पर्यंत घसरले, तर एलिमेंटची शक्ती त्याच प्रमाणात नव्हे, तर वर्गाच्या प्रमाणात घटते. २ किलोवॉटचा गिझर तेव्हा जेमतेम सव्वा किलोवॉटचे काम करतो आणि तेच पाणी तापायला सुमारे ३४ मिनिटे लागतात. त्यामुळे गावाकडच्या घरी ‘गिझर खराब आहे’ असे वाटले, तर आधी व्होल्टेज मोजून घ्यावे. गिझर बदलून हा प्रश्न सुटणार नाही.

व्होल्टेज ठीक असूनही वेळ वाढत चालला असेल, तर क्षारांचा संशय घ्यावा. वऱ्हाडातील जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. असे पाणी तापले, की त्यातील कॅल्शियमचे क्षार वेगळे होऊन एलिमेंटवर पांढरा थर चढवितात. हा थर उष्णता अडवितो; त्यामुळे एलिमेंट आत तापते, पाणी मात्र उशिरा. पाणी तापताना गिझरमधून घरघर किंवा खडखड ऐकू येते, ती याच थराची खूण होय. ६० अंशांच्या वर क्षार अधिक वेगाने बसतात, म्हणून थर्मोस्टॅट कायम शेवटच्या खुणेवर ठेवू नये. जड पाण्याच्या भागात वर्ष-दोन वर्षांनी गिझर उघडून साफ करून घ्यावा. त्याच वेळी आतील मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अॅनोड रॉड, झिजली असल्यास बदलावी. टाकीला गंज लागू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजत असते.

दोन मिनिटांत गार

बादलीने स्नान करणाऱ्याला पुरणारा गिझर शॉवरला अपुरा पडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ६० अंशांचे १५ लिटर पाणी २० अंशांच्या १५ लिटर पाण्यात मिसळले, की ४० अंशांचे ३० लिटर पाणी होते. बादलीने तेवढ्यात दोघांचे स्नान उरकते. मोठा शॉवर मिनिटाला ९ लिटर पाणी सोडत असेल, तर तेच पाणी तीन-साडेतीन मिनिटांत संपते. शिवाय गरम पाणी बाहेर पडत असतानाच गिझरमध्ये गार पाणी शिरत असते, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही थोडे कमीच मिळते.

आपला शॉवर किती पाणी सोडतो, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. शॉवरखाली बादली ठेवून एक मिनिट सोडावा आणि पाणी मापाने मोजावे. आकडा मोठा असेल तर कमी प्रवाहाचा शॉवर बसविणे, हा मोठा गिझर घेण्याहून स्वस्त उपाय आहे.

गिझर नवा किंवा नुकताच काढून बसविलेला असेल आणि गरम पाणी चटकन संपत असेल, तर नळ्या उलट जोडल्या गेल्या आहेत काय ते पाहावे. निळ्या खुणेच्या तोंडातून गार पाणी आत जाते, लाल खुणेच्या तोंडातून गरम पाणी बाहेर येते. गार पाणी टाकीच्या तळाशी आणि गरम पाणी माथ्याशी राहावे, अशी आतील रचना असते. जोडणी उलटली, की हा क्रम मोडतो आणि पाणी कोमट येऊ लागते.

इन्स्टंट गिझरची गोष्ट निराळी. त्यात साठा फार थोडा असल्याने वाहत्या पाण्याचा वेगच तापमान ठरवितो. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला दीड लिटर पाणी सुमारे २९ अंशांनी, ३ लिटर पाणी सुमारे १४ अंशांनी, तर ५ लिटर पाणी जेमतेम साडेआठ अंशांनी तापवू शकतो. हिवाळ्याच्या सकाळी टाकीतील पाणी गार असताना त्यावर मोठा शॉवर चालणार नाही. यात बिघाड काहीच नाही. निवड चुकलेली आहे.

मध्येच गार, मध्येच गरम

शॉवरखाली उभे असताना स्वयंपाकघरात कोणी नळ सोडतो आणि पाणी एकदम पोळू लागते, हा अनुभव अनेक घरांत येतो. कारण दाबाचे आहे. स्वयंपाकघरातील नळाने गार पाण्याचा दाब ओढून घेतला, की मिक्सरमध्ये गरम पाण्याचे प्रमाण वाढते. फ्लशची टाकी भरू लागली तरी हेच घडते. गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल, तर मिळणारा दाब सुमारे ०.३ बार, म्हणजे मुळातच थोडा असतो. त्यात वाटेकरी वाढले, की समतोल ढळतो.

गार पाणी प्रेशर पंपावरून किंवा थेट नळयोजनेच्या जोडणीवरून आणि गरम पाणी टाकीवरून, अशी विषम जोडणी असेल तर त्रास आणखी वाढतो. गार व गरम या दोन्ही वाहिन्या एकाच टाकीवरून घेणे आणि टाकीपासून न्हाणीघरापर्यंत स्वतंत्र, पुरेशा व्यासाची नळी आणणे, हा त्यावरील कायमचा उपाय. नवे घर बांधणाऱ्यांनी हे आधीच ठरवून घ्यावे. बांधलेल्या घरात थर्मोस्टॅटिक मिक्सर बसविता येतो; तो दाब बदलला तरी तापमान बऱ्याच अंशी स्थिर ठेवतो. मात्र त्याला किती दाब लागतो, हे खरेदीपूर्वी पुस्तिकेत वाचावे.

आणखी एक दोष सहसा ध्यानात येत नाही. मिक्सरमधील झडप झिजली, किंवा मिक्सर चालू ठेवून हँड शॉवरचे तोंडच तेवढे बंद केले, की गार पाणी गरम पाण्याच्या नळीत घुसते. मग गिझर ठीक असूनही सर्व नळांना कोमट पाणी येते. याची परीक्षा अशी : गिझरकडे जाणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद करावा आणि एखादा गरम पाण्याचा नळ सोडावा. नळीतले पाणी संपून धार थांबली पाहिजे. धार चालूच राहिली, तर कुठल्या तरी मिक्सरमधून गार पाणी उलट वाहत आहे असे समजावे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा मिक्सरचे कार्ट्रिज बदलल्यास हा दोष दूर होतो.

गरम पाण्याची वाट पाहणे

नळ सोडल्यावर बराच वेळ गार पाणी येत असेल, तर गिझर आणि शॉवर यांमधील अंतर मोजावे. १५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी साठते. १५ मीटर नळीत अडीच लिटरांहून अधिक गार पाणी मावते आणि ते बाहेर पडल्याखेरीज गरम पाणी येत नाही. गच्चीवरील सोलर हीटरच्या बाबतीत हे प्रमाण अधिक असते. गरम पाण्याच्या नळीवर उष्णतारोधक आवरण चढवावे आणि सुरुवातीचे गार पाणी बादलीत धरावे. पाणीटंचाई सोसलेल्या गावांना हे सांगायला नको.

उन्हाळ्यातील उलटा प्रश्न

चैत्र-वैशाखात विदर्भात तक्रार उलटी होते. गच्चीवरील काळी टाकी आणि उन्हात उघडी पडलेली नळी तापते आणि दुपारी गार पाण्याचा नळही पोळतो. गिझर बंद असतो. मग दोष कोणाचा, असा प्रश्न पडतो. टाकीवर साधे छप्पर किंवा शेडनेट घालणे, तिला पांढरा रंग देणे, भोवती ओली पोती गुंडाळणे, पहाटे टाकी भरून ठेवणे आणि उघड्या नळ्या झाकणे, हे उपाय कमी खर्चाचे व परिणामकारक आहेत. सोलर हीटर असलेल्या घरांत उन्हाळ्यात पाणी विशेष कढत होते. तेथे गार पाणी आधी सोडून मगच गरम पाणी मिसळावे.

चटक्याचा हिशेब

६० अंशांचे पाणी सुमारे ५ सेकंदांत खोल भाजू शकते. ५० अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटे लागतात. म्हणजे अवघ्या १० अंशांच्या फरकाने हात मागे घेण्यास मिळणारा अवधी मिनिटांवरून सेकंदांवर येतो. वृद्धांची व लहान मुलांची कातडी पातळ असते आणि त्यांना झटकन बाजूला होता येत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना तर चटका जाणवतही नाही. अशा घरांत मिक्सरमधून येणारे पाणी ४० अंशांच्या आसपास राहील अशी व्यवस्था करावी आणि अंगावर घेण्याआधी ते मनगटावर पाहावे. गिझरच्या टाकीत मात्र पाणी दीर्घकाळ कोमट ठेवू नये. कोमट साठ्यात रोगजंतू वाढतात. साठा ६० अंशांचा आणि अंगावर येणारे पाणी ४० अंशांचे, हा योग्य मार्ग.

भाजल्यास त्या जागेवर २० मिनिटे नळाचे गार वाहते पाणी धरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये. फोड आले किंवा भाजलेली जागा मोठी असली, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे.

गॅस गिझर : बिघाड आणि धोका

गॅस गिझर पाण्याच्या दाबाने पेटतो. दाब कमी पडला, की ज्योत विझते आणि पाणी गार येते. ज्योत पेटतच नसेल तर आधी बॅटरीचे सेल बदलून पाहावेत, मग पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी साफ करावी. पाणी फार गरम झाले म्हणून मिक्सरमध्ये गार पाणी वाढविले, तर गिझरमधून जाणारे पाणी कमी होते आणि तो मध्येच बंद पडतो. अशा वेळी गिझरवरील गॅसचे बटण कमी करावे. अनेक गिझर सुमारे २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. ती सुरक्षेची सोय आहे, बिघाड नव्हे.

खरा धोका मात्र दिसत नाही. बंद न्हाणीघरात गॅस जळत राहिला, की प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसच्या सिलिंडरमधील गळती वासाने कळते; हा वायू कळत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, हातपाय गळून जाणे ही त्याची लक्षणे. दार बंद असलेल्या न्हाणीघरात माणूस बेशुद्ध पडल्यास बाहेरच्यांना पत्ताही लागत नाही. महाराष्ट्रात अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात वारंवार येतात.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा आणि गरम पाणी नळीने आत आणावे. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून आत बसविला तरी चालेल, हा समज चुकीचा आहे. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली तर वापर थांबवून तपासणी करून घ्यावी. आत कोणी बेशुद्ध आढळल्यास दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सिलिंडरमधून गळती झाल्यास १९०६ हा मदत क्रमांक आहे.

हे करू नका

विजेच्या गिझरला अर्थिंग आणि वीजफलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा. शॉवरच्या पाण्यातून किंचितही झिणझिण्या जाणवल्या, तर लगेच बाहेर येऊन मुख्य स्विच बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत गिझर वापरू नये.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात, म्हणून काही जण तेथे बूच मारतात. हे कधीही करू नये. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले, की प्रसरण पावून सुमारे पाव लिटरने वाढते. त्या वाढीला बाहेर पडण्याची वाट मिळाली नाही, तर टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही सतत धार लागली, तर मात्र व्हॉल्व्ह बदलून घ्यावा.

बादलीत टाकायच्या हीटर रॉडने पाणी तापविताना पाण्यात बोट घालून पाहू नये. प्लग काढल्यावरच पाण्याला हात लावावा. क्षार काढण्यासाठी गिझरमध्ये तीव्र आम्ल ओतू नये. शॉवरची चाळणी मात्र रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवली, की भोके मोकळी होतात. कित्येकदा तेवढ्याने गरम पाण्याचा प्रवाह सुधारतो.

कारागीर केव्हा बोलवावा

एमसीबी पाहणे, कॉक पूर्ण उघडले आहेत काय ते तपासणे, जाळी आणि चाळणी साफ करणे, बादलीने प्रवाह मोजणे, सेल बदलणे ही कामे घरी करता येतात. एलिमेंट, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅसची नळी आणि विजेची जोडणी यांना मात्र जाणकाराशिवाय हात लावू नये. नवा गिझर घेताना आयएसआय चिन्ह व बीईईचे तारांकन पाहावे आणि घरातील माणसे, टाकीची उंची, पाण्याचा जडपणा व व्होल्टेज ध्यानात घेऊनच निवड करावी.

गावी आईवडिलांकरिता गिझर बसवून देणाऱ्यांनी एक काम अवश्य करावे. परत निघण्यापूर्वी स्वतः त्या शॉवरखाली एकदा स्नान करून पाहावे. गार पाणी आधी, गरम पाणी नंतर, हा क्रम घरातील सर्वांना करून दाखवावा आणि थर्मोस्टॅट कोठे ठेवायचा, त्याची खूण रंगाने करून ठेवावी. यंत्र नवे आले तरी विसण घालण्यापूर्वी पाण्याला हात लावून पाहण्याची जुनी रीत सोडण्याचे कारण नाही.